आगोट झाली की ग्रिल

आभा चालायला लागली तेव्हा अनुयाने मिरजेला आईला व्हिडिओ कॉल करून तिची चार पावलं दाखवली होती. आभा चढायला लागली तेव्हा कुणाला काही दाखवायला सवडच मिळाली नाही. दिवाणावरून टीपॉयवर, टीपॉयवरून शोकेसच्या कडेवर, आणि पडलीच तर रडायच्या आधी पुन्हा वर. अजून दोन वर्षांचीही झाली नव्हती, पण घरातली प्रत्येक वस्तू ही दुसऱ्या वस्तूवर पोचायची पायरी आहे, हे त्या एवढ्याशा डोक्याला पक्कं कळलं होतं.

आणि सगळ्या पायऱ्या शेवटी हॉलच्या खिडकीशी जात होत्या.

पनवेलजवळच्या करंजाड्यातलं हे भाड्याचं घर घेताना अनुयाला सगळ्यात आवडली होती ती हीच खिडकी. तिसरा मजला, समोरचा प्लॉट अजून मोकळा, त्यामुळे संध्याकाळचा वारा थेट आत. काचेची सरकती दारं, गुडघ्याच्या जरा वर येणारा कट्टा, आणि कट्ट्यापलीकडे हातभर रुंद सिमेंटचा सज्जा, कुंड्या ठेवायला काढलेला. सज्ज्याला कठडा नाही, खिडकीला ग्रिल नाही. तेव्हा आभा पोटात होती. अनुयाने त्या सज्ज्यावर तुळस, सदाफुली आणि एक मोगरा मनातल्या मनात लावूनही टाकला होता.

आता तो सज्जा दिसला की ती आधी उठून काच ओढून घ्यायची.

तिच्या हातात होतं तेवढं तिने केलं. दिवाण खिडकीपासून ओढून पार समोरच्या भिंतीला लावला. टीपॉय पलंगामागे उभा करून ठेवला. जुन्या झाडूची काठी मापात कापून सरकत्या दाराच्या खाचेत आडवी बसवली, म्हणजे खिडकी चार बोटांपेक्षा जास्त सरकायची नाही. आभाचा हात जाईल, आभा जाणार नाही. मे महिन्यात पनवेलमध्ये चार बोटांच्या फटीतून जितका वारा येतो तितक्यात तिघं राहत होती.

ग्रिल लागलं असतं तर यातलं काही करावं लागलं नसतं.

घरमालक काशिराम घरत खालीच राहायचे. शेतं सरकारने घेतली त्यांच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यांनी ही बिल्डिंग उभी केली होती. तळमजला स्वतःला, वरचे तीन मजले भाडेकरूंना. माणूस गोड. इतका गोड की त्याच्याकडून काही काम करून घेणं केवळ अशक्य.

"ग्रिल? करू ना," पहिल्यांदा ते म्हणाले. "पैशाचा सवालच नाय. पन कसं हाय, बाहेरच्या टाइल्सला भोक मारलं की पानी मुरतं."

"काका, पैसे आम्ही घालतो. पाणी मुरू नये म्हणून काय करायचं तेही बघतो."

"पैशाचा सवालच नाय, बोललो ना."

दुसऱ्यांदा म्हणाले, बिल्डिंगचा समोरचा लुक जातो. शेजारच्या बिल्डिंगला बघा, पिंजरा झालाय नुसता. तिसऱ्यांदा कुठली तरी अमावास्या होती. चौथ्यांदा त्यांनी कुंदनचं नाव काढलं.

"कुंदन माझा भाचा. रोडपालीला फॅब्रिकेशनचं दुकान हाय त्याचं. घरातला मानूस सोडून दुसऱ्याला काम दिलं तर बहीन माझी बोलायची नाय माझ्याशी."

मग अनुया कुंदनच्या मागे लागली. फोन लागायचा, पण पलीकडे लाउडस्पीकरवर कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडत असायचं, "आणि हा चेंडू थेट तलावात!"

"वहिनी, सेमी फायनल हाय," कुंदन म्हणायचा. "उद्या नक्की."

"परवा पण सेमी फायनलच होती."

"ती दुसऱ्या गावची."

पावसाळ्याआधी त्या भागातल्या प्रत्येक गावाचे क्रिकेटचे सामने असतात आणि त्या प्रत्येक सामन्यात कुंदन असतो, ही माहिती अनुयाला अशी कळली.

दीपेशला यातलं काहीच एवढं मोठं वाटत नव्हतं. तो तळोज्याच्या कंपनीत शिफ्टला जायचा. घरी आला की आंघोळ, जेवण, आणि आभाला पोटावर घेऊन दिवाणावर आडवा. "एवढं काय टेन्शन घेतेस?" तो म्हणायचा. "लक्ष ठेवायचं फक्त."

फक्त! अनुयाला त्या शब्दाचा इतका संताप यायचा की तिच्या हातातलं भांडं ओट्यावर जरा जोरातच आदळायचं. त्या 'फक्त'मध्ये उतू जाणारं दूध होतं, दारावरची बेल होती, कुकर होता, साबण लावलेलं स्वतःचं डोकं होतं. लक्ष ठेवायचं फक्त! स्वतः कधी ठेवून बघितलंय का सलग एक तास, मोबाइल बाजूला टाकून?

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे दमयंतीमावशी.

काशिरामकाकांची बायको. नऊवारी गुडघ्याशी आवळलेली, कानात ठसठशीत सोनं, आवाज तळमजल्यावरून गच्चीपर्यंत पोचणारा. मे सुरू झाला तशी ती रोज सकाळी टोपली घेऊन तिसऱ्या मजल्यावर यायला लागली. बेल वाजवायची पद्धत नाही. दार लोटलं की "काय गो बाय, उठली का माझी आभू?" म्हणत ती आतच.

टोपलीत मासळी. मांदेली, कोळंबीचे सोडे, जवळा. उरणच्या बंदरावरून आणलेली, मीठ लावलेली. मावशी सरळ खिडकीशी जायची, खाचेतली काठी उपटून बाजूला टाकायची, काच धडाधड सरकवायची आणि सज्ज्यावर जुनं जाळं पसरून त्यावर एकेक मासा मांडायची. दुपारी येऊन ते पलटायची. उन्हं उतरली की गोळा करून न्यायची.

"मावशी, हे गच्चीवर नाही का वाळवता येणार?" अनुयाने विचारून बघितलं होतं.

"गच्चीवर कबुतरांची घान, आनि दुसऱ्या माळ्यावरच्यांची कापडं. खाली मांजरं. ह्या सज्ज्यावर ऊन बी हाय नि वारा बी हाय. बिल्डिंग झाली तवापासून आमची आगोट हितंच वाळते."

आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. समुद्रात होड्या जायच्या बंद होतात, मग चार महिने ताजं काही मिळत नाही, म्हणून मे महिन्यातच घरोघर सुकी मासळी भरून ठेवतात. मावशी नुसती स्वतःच्या घरापुरती भरायची नाही. दोन्ही लेकींना, नणंदेला, कुंदनच्या घरी, सगळ्यांना डबे जायचे. तिच्या हातचे सोडे पाऊसभर पिवळे पडत नाहीत, असा लौकिक होता.

आभाला तर ती सकाळ म्हणजे सणच. "आजी, माशे!" करत ती मावशीच्या पदराला लोंबकळायची, आणि मावशी एकेक मांदेली तिच्या हातात देऊन म्हणायची, "ही ठेव. आता ही पलट. शानी माझी बाय!"

म्हणजे जी खिडकी बंद राहावी म्हणून अनुया जिवाचं रान करत होती, त्याच खिडकीशी बसून काय काय मजा करता येते, ते शिकवणारी बाई रोज घरात येत होती. आणि जाताना काठी परत खाचेत ठेवायची मात्र तिला एकदाही आठवण राहायची नाही.

"मावशी, काठी!"

"अगो हो, इसरलीच."

शेवटी एका दुपारी, कुठल्याच गावात सामना नसावा, कुंदन खरोखरच टेप घेऊन आला. माप घेतलं, फोटो काढले, पाणी प्यायला. अनुयाला इतका आनंद झाला की तिने त्याला चहा केला, वर चकल्या दिल्या.

"मग कधी बसवताय?"

"माल तयारच असतो, वहिनी. एका दिवसाचं काम." कुंदनने चकली मोडली. "आगोट झाली की लगेच."

"म्हणजे?"

"मामा बोलले ना, मामीची मासळी निघेपर्यंत खिडकीला हात लावायचा नाय. ग्रिल लागलं तर मामीचा हात बाहेर कसा जानार?"

 टाइल्सचं भोक, बिल्डिंगचा लुक, अमावास्या, सेमी फायनल, सगळं एकामागोमाग अनुयाच्या डोळ्यांसमोरून गेलं. आणि या सगळ्याच्या तळाशी काय, तर मांदेली!

दीपेश रात्रपाळीला निघाला तोच तिने त्याला दारात गाठलं. "आपल्या पोरीपेक्षा त्यांना सुकट महत्त्वाची आहे!"

"हळू बोल. खाली ऐकू जाईल."

"जाऊ दे ऐकू!"

"अगं, दोन-तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. मालक आहेत ते. आणि खरंच, आपण लक्ष ठेवलं तर..."

पुढचं वाक्य त्याने तिचा चेहरा बघून गिळलं.

दुसऱ्या दिवशी अनुया आंघोळीला गेलेली असताना मावशी येऊन मासळी मांडून गेली. दीपेश रात्रपाळी करून नुकताच आला होता, त्यानेच दार उघडलं होतं. दुपारी मावशी पलटायला आली, तेव्हा मात्र अनुया खिडकीसमोर पाठ लावून उभी होती.

"मावशी, आज शेवटचं. उद्यापासून ही खिडकी उघडणार नाही."

मावशीला आधी ती थट्टाच वाटली. "सरक गो, मांदेली कडक होते."

"मी खरंच सांगतेय. ग्रिल लागेपर्यंत काठी निघणार नाही. तुम्ही काढता आणि तशीच टाकून जाता."

"एखाद दिवस इसरले असंन."

"रोज विसरता!"

मावशीने पदर कमरेला खोचला. "घर कोनाचं हाय?"

"घर तुमचं. पोरगी माझी."

"मी काय तुझ्या पोरीचं वाईट चिंतते? माझ्या मांडीवर मुतलेली पोर ती! आमची पोरं खाडीच्या बांधावर धावली, आंब्यावर चढली. आमी कुठं ग्रिलं लावली? तुमची शिकलेल्यांची पोरं तेवढी काचेची!"

"बांधावरून पडलं तर चिखलात पडतं, मावशी. इथून खाली फरशी आहे."

 मावशीने खिडकीबाहेरच्या मासळीकडे एकदा बघितलं आणि ती वळली. "सडू दे मंग," एवढं म्हणून जिना उतरून गेली. पायऱ्यांवर तिच्या चपलांचा आवाज तळमजल्यापर्यंत स्पष्ट येत होता.

थोड्या वेळाने काशिरामकाकांचा दीपेशला फोन आला. तेव्हाही ते गोडच बोलत होते. "मिसेसला सांगा, तुमाला जमत नसंल तर नवीन पनवेलला लई चांगली घरं हायेत. पैशाचा सवाल नाय."

"घे," दीपेश फोन ठेवून म्हणाला. "झालं समाधान?"

अनुया खिडकीशी गेली. घर बदलायचं म्हटलं तर दुसरं शोधायला पावसाळा येणार, आणि दुसरं घर मिळालं तरी त्याला ग्रिल असेलच असं कोण सांगणार होतं? तिने काठी खाचेत घट्ट बसवली आणि आभाला घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसली.

पण मासळी काही तिला स्वस्थ बसू देईना. ऊन कलायला लागलं. जाळ्याचा एक कोपरा वाऱ्याने उलटला आणि कावळ्यांना पत्ता लागला. एक आला, मग तीन आले. आभा हॉलमध्ये पळाली आणि काचेला नाक लावून ओरडू लागली, "आजीचे माशे! काऊ खातो! आई, काऊ!"

अनुयाच्या मनात आलं, खाऊ देत. मग तिला मावशीचे डबे आठवले, लेकींचे, नणंदेचे. आभाच्या वेळी ओली बाळंतीण असताना मावशीनेच महिनाभर रोज खालून डिंकाचा लाडू पाठवला होता, तो आठवला. त्या आठवणीचाही तिला रागच आला. धड रागावूही देत नाहीत ही माणसं!

चरफडतच तिने काठी काढली, काच सरकवली, कावळे हाकलले आणि मूठमूठ करून सगळी मासळी टोपलीत भरली. हाताला मिठाचा आणि माशांचा वास. आभा शेजारी उभी राहून प्रत्येक मुठीला "शानी बाय!" म्हणत होती.

"दीपेश, हिच्याकडे बघ जरा. मी ही ब्याद खाली देऊन येते."

"हं," दीपेश दिवाणावरून म्हणाला.

दार ओढून घेऊन ती खाली आली. जिन्यात ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. 'ही घ्या तुमची आगोट. आम्ही माणुसकी सोडली नाही, एवढंच सांगायला आले.' नको, 'एवढंच' नको.

मावशी बिल्डिंगसमोरच्या ओट्यावर सूप घेऊन जवळा निवडत बसली होती. अनुयाने टोपली तिच्यासमोर ठेवली. मावशीने वर बघितलं नाही. सुपातलं बोट थांबलं, पुन्हा चालू झालं.

"कावळे आले होते," अनुया म्हणाली. जुळवलेल्यापैकी एकही वाक्य तोंडात आलं नाही.

"हं." मग जरा वेळाने, "पलटली व्हतीस का?"

"नाही."

"कडक झाली असंन." मावशीने मान वर केली. काहीतरी टोचून बोलायचं तिच्या ओठांवर असावं. पण तिची नजर अनुयाच्या चेहऱ्यावर थांबलीच नाही. ती वर गेली, आणखी वर, आणि तिथेच अडकली. सूप मांडीवरून घसरलं आणि जवळा ओटाभर पसरला.

अनुयाने वळून बघितलं.

तिसऱ्या मजल्यावर, उघड्या खिडकीच्या कट्ट्यावर आभा उभी होती. एका हाताने काचेची चौकट धरलेली, एक पाय कट्ट्यावर, एक पाय सज्ज्यावर. सज्ज्यावर उरलेल्या एकुलत्या मांदेलीकडे ती वाकत होती.

अनुयाचं तोंड उघडलं, पण आवाज बाहेर पडायच्या आत मावशीच्या पंजाने तिचं मनगट आवळलं. "वरडू नको. दचकंल ती." मग मावशीने मान वर केली, आणि जो आवाज गच्चीपर्यंत पोचायचा तो आवाज तिने असा लाडिक काढला की जणू रोजचीच सकाळ होती.

"आभू! अगो ए आभू!"

आभाने खाली बघितलं. तिचा चेहरा फुलला. "आजी! माशा!"

"असू दे तो. आजी वर येते खाऊ घेऊन. दार वाजीव बघू! आजी दारात उभी हाय, दार वाजीव!"

बोलता बोलता तिने अनुयाला जिन्याकडे ढकललं.

जिना किती होता, कुठे वळला, अनुयाला काही कळलं नाही. कानात फक्त मावशीचा आवाज खालून येत होता. "वाजीव गो! आजीला दार कोन उघडनार? माझी शानी बाय ना?" मग तोही थांबला. का थांबला? खाली काय दिसलं तिला? अनुया कठड्याला धरून स्वतःला वर ओढत राहिली.

आणि मग दाराशी पोचायच्या आधीच तिला ऐकू आलं. आतून, दाराच्या खालच्या बाजूला, इवल्या तळव्यांची थाप. थप, थप, थप. "आजी! खाऊ!"

चावी आतच राहिली होती. अनुयाने बेलवर बोट ठेवलं ते काढलंच नाही. दीपेशने दार उघडलं तेव्हा त्याच्या गालावर उशीची घडी उमटलेली होती. "काय झालं?" त्याने विचारलं.

अनुया त्याच्या पायाशीच बसली, आभाला छातीशी धरून. आभाचे केस, कान, मान, सगळीकडे तिने हात फिरवला. पोरीच्या मुठीतून माशाचा वास येत होता. म्हणजे तेवढी मांदेली उचलूनच ती आत आली होती.

खिडकीखाली प्लॅस्टिकचं स्टूल होतं. खाचेत काठी नव्हती. काठी खिडकीच्या बाजूला भिंतीला टेकवलेली होती, मावशी टाकायची तशी नाही, नीट उभी. ती तिने स्वतः तिथे ठेवली होती.

दीपेशला सगळं कळायला वेळ लागला. कळलं तसा तो पांढराफटक पडला. "डोळा लागला गं," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "लक्ष होतं माझं, फक्त डोळा लागला."

"काठी मी काढली होती," अनुया म्हणाली.

तेवढ्यात मावशी धापा टाकत वर पोचली. हातात खरोखरच राजगिऱ्याचा लाडू होता. तो आभाला देऊन ती खिडकीशी गेली, काच लावली, काठी खाचेत बसवली आणि भिंतीला टेकून खालीच बसली.  आभाच्या लाडू खाण्याचा काय तो आवाज.

"मी इसरते," शेवटी मावशी म्हणाली. "तू बी इसरलीस. हा झोपला. आनि ही टवळी कायबी इसरत नाय." मग तिने नवऱ्याला फोन लावला. "अवो, कुंदन कुठल्या मैदानात हाय?"

पलीकडून काकांनी बहुतेक सामन्याचं काहीतरी सांगितलं.

"फायनल असंल नायतर काय असंल. मी रिक्षा करून जाते. बॅट घेऊन ये बोलते, मंग बघू कोन कोनाला मारतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदन ग्रिल घेऊन हजर. नवीन डिझाइन, आडव्या पट्ट्यांचं, काळ्या रंगाचं. "लेटेस्ट हाय, मामी."

"शिडी बनवून आनलीस की तू! पोर चढंल ना यावर. घेऊन जा."

संध्याकाळी तो उभ्या गजांचं घेऊन आला. मावशीने खालून एक सोललेला नारळ आणला आणि तो दोन गजांमधून ढकलून बघितला. नारळ आरपार गेला.

"नारळ जातो म्हंजे डोकं बी जाईल. घेऊन जा."

"मामी, रात्री माझी मॅच..."

"घेऊन जा."

तिसऱ्या वेळी नारळ अडला. मग ते ग्रिल बसलं, भिंतीत भोकं पडली, टाइल्सचा एक तुकडा निघाला, आणि काशिरामकाका खाली उभे राहून बिल्डिंगचा गेलेला लुक बघत राहिले. ग्रिलच्या वरच्या अंगाला, आभाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, एक छोटं दार होतं. मासळीपुरतं. त्याला कुलूप.

"चावी आमच्याकडं राहील," काका म्हणाले. "घर आमचं हाय."

मावशीने चावी त्यांच्या हातातून घेतली आणि अनुयाच्या हातात ठेवली. "हिच्याकडं असू दे. मी मागून घेईन."

आता मावशी रोज मागून घेते. नेमकी आभा जेमतेम झोपलेली असताना येते, आणि हळू बोलायचं म्हणून जे काही बोलते त्याने आभा जागी होतेच. वरच्या त्या दारातून जाळं पसरायचं तर तिला स्टुलावर चढावं लागतं, आणि चढताना ती ग्रिल, कुंदन, गुडघे आणि शिकलेले लोक या सगळ्यांचा उद्धार करते. अनुया तिच्या कमरेला धरून उभी राहते. पोरीच्या जोडीला आता हीसुद्धा! मासळी मांडून झाली की खाली उतरून मावशी दोन्ही हातांनी गज धरते आणि सगळं वजन टाकून ग्रिल हलवून बघते. मग चावी परत देते.

"आता काही भीती नाही," दीपेश परवा म्हणाला. तो बदलला होता, निदान दिवाणावर बसूनच आभाला सांभाळत होता, आडवा होत नव्हता. "ती झाडूची काठी टाकून देऊ का? उगाच पायात येते."

"राहू दे," अनुया आणि मावशी एकदमच म्हणाल्या.

मागे काहीतरी घसरल्याचा आवाज झाला. तिघांनी वळून बघितलं. मावशी उतरल्याबरोबर मोकळं झालेलं स्टूल ढकलत आभा स्वयंपाकघराकडे निघाली होती. ओट्यावर शेगडी होती.